सगळ्या अटी की कोणतीही एक? मुलचेऱ्यातला वनपट्टा आणि पायथॉनमधले दोन छोटे शब्द

जाहिरात सरकारी योजनेची असो की नोकरीची, शेवटी एक ओळ ठरलेली असते. "खालील अटी पूर्ण करणारे अर्जदार पात्र राहतील." खाली पाच-सहा अटींची यादी. आपण पहिली वाचतो, दुसरी वाचतो, तिसरीला कंटाळतो आणि कुणाला तरी फोन लावतो, "अरे, आपण बसतो का यात?"

पण थांबा. त्या अटी सगळ्याच्या सगळ्या पूर्ण करायच्या आहेत, की त्यातली कोणतीही एक पुरेशी आहे? की पाचपैकी दोन चालतील? कुणाला लाभ मिळणार आणि कुणाला नाही, हे बऱ्याचदा एवढ्याशा फरकावर ठरतं.

कम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. पायथॉन या भाषेत त्यासाठी दोन तयार शब्द आहेत, ऑल आणि एनी. ऑल म्हणजे सगळे, एनी म्हणजे कोणीही एक. हे दोन शब्द १९ सप्टेंबर २००६ला आलेल्या पायथॉन २.५ या आवृत्तीत पहिल्यांदा मिळाले. त्याच वर्षी, २९ डिसेंबर २००६ला, भारतात एका कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा कायदा, म्हणजे आपल्या बोलीत वनहक्क कायदा.

या दोन गोष्टींचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. पण वनहक्काचा दावा कुणाचा टिकतो आणि कुणाचा नाही, हे "सगळे" आणि "कोणीही एक" यांच्या मांडणीवर ठरतं. म्हणून पायथॉनमधली ही गोष्ट आपण मुलचेऱ्यात जाऊन समजून घेऊ.

मुलचेराच का?

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांपैकी एक. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. भाग जंगलाचा. इथे गोंड आणि माडिया आदिवासी आहेत, पिढ्यानपिढ्या राहिलेली बिगर आदिवासी कुटुंबंही आहेत. शिवाय मुलचेरा आणि शेजारच्या चामोर्शी तालुक्यात बंगाली बोलणाऱ्यांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांचं सरकारने इथे पुनर्वसन केलं होतं.

म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच जंगलाच्या कडेला, तीन वेगळ्या इतिहासांची माणसं शेती करतात. त्यातली काही जमीन कागदावर वनविभागाची. चंद्रपूर-गडचिरोलीकडे अशी जमीन कसणाऱ्याला जबरानजोतधारक म्हणतात. त्या जमिनीचा पट्टा मिळाला तर हक्काची शेती, नाही मिळाला तर कागदोपत्री अतिक्रमण.

हे किती गंभीर आहे, हे २०१९मध्ये देशाने बघितलं. १३ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. देशभर खळबळ उडाली. केंद्र सरकारने कोर्टात धाव घेतली आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे नीट तपासून फेटाळले होते का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.

कायदा नेमकं काय विचारतो?

वैयक्तिक पट्ट्यासाठी कायद्याची मांडणी सोप्या भाषेत अशी आहे.

एक, दावेदार त्या भागात अनुसूचित जमातीचा म्हणून नोंदलेला हवा. तो नसेल, तर त्याचं कुटुंब किंवा समाज १३ डिसेंबर २००५च्या आधी किमान तीन पिढ्या वनात राहत आलेला हवा. एक पिढी म्हणजे किती, हेही कायद्याने सांगितलंय, २५ वर्षं. म्हणजे एकूण ७५ वर्षं.

दोन, ज्या जमिनीवर दावा आहे तिचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा हवा. ही तारीख उगाच निवडलेली नाही. त्याच दिवशी हे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं होतं.

तीन, उपजीविका खरोखर त्या वनावर किंवा वनजमिनीवर अवलंबून हवी.

आणि प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीपैकी जास्तीत जास्त ४ हेक्टरवरच हक्क मिळतो.

इथे पहिल्या अटीच्या पोटात "किंवा" आहे आणि तिन्ही अटींच्या मध्ये "आणि" आहे. पुढची सगळी गंमत या दोन शब्दांत आहे.

आता पायथॉनची लिस्ट बनवू

समजण्यासाठी पाच काल्पनिक दावे घेऊ. पाचही कुटुंबांची उपजीविका वनजमिनीवर आहे, असं धरून चालू.

दावा १: आदिवासी कुटुंब, ताबा १९९५पासून, जमीन १.२ हेक्टर.
दावा २: आदिवासी कुटुंब, ताबा २०१०पासून, जमीन ०.८ हेक्टर.
दावा ३: बिगर आदिवासी कुटुंब, २००५पर्यंत १०० वर्षांचा रहिवास, ताबा १९८८पासून, जमीन ३.५ हेक्टर.
दावा ४: बिगर आदिवासी कुटुंब, १९६५मध्ये येऊन वसलेलं, म्हणजे २००५पर्यंत ४० वर्षांचा रहिवास, ताबा १९८०पासून, जमीन २ हेक्टर.
दावा ५: आदिवासी कुटुंब, ताबा २००१पासून, जमीन ४.६ हेक्टर.

पायथॉनमध्ये अशा एकाखाली एक मांडलेल्या गोष्टींना लिस्ट म्हणतात. फक्त जमिनीची लिस्ट केली तर ती अशी दिसेल:

क्षेत्र = [१.२, ०.८, ३.५, २.०, ४.६]

आता प्रश्न विचारायचा, सगळ्यांची जमीन ४ हेक्टरच्या आत आहे का?

जुनी पद्धत म्हणजे एकेक आकडा उचलायचा, तपासायचा, कुठे ४च्या वर गेला तर खूण करायची आणि शेवटी ती खूण बघायची. चार-पाच ओळी लागतात. ऑल हे काम एका ओळीत करतं:

ऑल(हेक्टर <= ४ फॉर हेक्टर इन क्षेत्र)

वाचायचं असं: "क्षेत्र या लिस्टमधल्या प्रत्येक हेक्टरसाठी, तो ४ किंवा त्यापेक्षा कमी आहे का? सगळ्यांचं उत्तर हो असेल तर हो सांग." इथे उत्तर येईल फॉल्स, म्हणजे नाही, कारण पाचवा दावा ४.६चा आहे.

उलट प्रश्न एनीचा:

एनी(हेक्टर > ४ फॉर हेक्टर इन क्षेत्र)

"कुणाची तरी जमीन ४च्या वर आहे का?" उत्तर ट्रू, म्हणजे हो.

इथे सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहिलंय. कम्प्युटरवर टाइप करताना ऑल, एनी, फॉर, इन हे शब्द आणि ४ सारखे आकडे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. पण "क्षेत्र" आणि "हेक्टर" ही नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पायथॉन ३ ती बिनतक्रार स्वीकारतं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. पाचव्या दाव्याला पायथॉनने "नाही" म्हटलं म्हणून कायदा त्याला अपात्र ठरवत नाही. त्याला ४ हेक्टरपर्यंत पट्टा मिळू शकतो, वरचा ०.६ हेक्टर सुटेल. मशीनने उत्तर दिलं ते "४च्या आत आहे का" या प्रश्नाचं. "पट्टा मिळेल का" हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही.

सगळीकडे ऑल लावलं तर काय होईल?

आता खरी परीक्षा. प्रत्येक दाव्यासाठी तीन प्रश्नांची छोटी लिस्ट बनवू: आदिवासी आहे का, ७५ वर्षांचा रहिवास आहे का, ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा आहे का. आदिवासी दाव्यांपुढे रहिवासाची वर्षं कुणी विचारलीच नाहीत, म्हणून तिथे शून्य भरलंय असं समजा.

घाईत असलेला प्रोग्रामर म्हणेल, तीन अटी आहेत ना, लावा ऑल. निकाल काय? पाचही दावे बाद. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या दाव्यात रहिवासाचा आकडा शून्य आहे. तिसरा आणि चौथा आदिवासी नाहीत. एकही दावा तिन्ही प्रश्नांना "हो" म्हणत नाही.

बरं, मग एनी लावू. आता पाचही दावे पास! २०१०ला ताबा घेतलेला दुसरा दावा आदिवासी म्हणून पास आणि ४० वर्षांच्या रहिवासाचा चौथा दावा जुन्या ताब्याच्या जोरावर पास.

एका शब्दाने सगळे बाहेर, दुसऱ्या शब्दाने सगळे आत. कायदा या दोन्हीपैकी काहीच सांगत नाही. कायद्याचं वाक्य असं आहे:

(आदिवासी ऑर रहिवास >= ७५) अँड ताबा_जुना

ऑर म्हणजे किंवा, अँड म्हणजे आणि. कंसातल्या दोनपैकी एक हवं आणि त्यासोबत जुना ताबा हवाच. आता निकाल लागतो पहिला, तिसरा आणि पाचवा दावा पात्र, दुसरा आणि चौथा अपात्र.

यात एक बारीक पण सुंदर गोष्ट आहे. ऑरच्या डावीकडचं उत्तर "हो" आलं की पायथॉन उजवीकडे बघतच नाही. म्हणजे कुटुंब आदिवासी आहे हे कळल्यावर ७५ वर्षांच्या रहिवासाचा रकाना तो उघडतसुद्धा नाही. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. आदिवासी दावेदाराकडे तीन पिढ्यांच्या रहिवासाचा पुरावा मागायचाच नसतो.

कंस विसरला तर?

समजा कुणी कंस न टाकता लिहिलं:

आदिवासी ऑर रहिवास >= ७५ अँड ताबा_जुना

दिसायला सारखंच. पण गणितात जसा आधी गुणाकार आणि मग बेरीज, तसं पायथॉनमध्ये आधी अँड आणि मग ऑर. त्यामुळे पायथॉन हे वाक्य असं वाचतो, "आदिवासी असेल तर पास. नसेल तर रहिवास आणि जुना ताबा दोन्ही बघा." झालं, दुसरा दावा आत. २०१०चा ताबा असूनही पास, कारण तारखेची अट त्याला लागलीच नाही. दोन कंस गायब झाले आणि कायद्याची सगळ्यात महत्त्वाची तारीखच गळून पडली.

तीन पिढ्यांचं गणित

चौथ्या दाव्याकडे परत या. १३ डिसेंबर २००५मधून ७५ वर्षं वजा केली की १३ डिसेंबर १९३० येतं. म्हणजे बिगर आदिवासी कुटुंबाचा रहिवास त्याच्याही आधीपासूनचा हवा.

आता पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसलेल्या कुटुंबांचा विचार करा. पाकिस्तानच १९४७मध्ये जन्माला आला. त्यानंतर आलेल्या कुणाचा इथला रहिवास १९३०पासूनचा असणं शक्यच नाही. अशा कुटुंबांची कितीही लांब लिस्ट केली आणि विचारलं, "यातला कोणीही एक तरी ७५ वर्षांच्या अटीत बसतो का?" तर एनीचं उत्तर फॉल्सच येणार.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पुनर्वसनात सरकारने स्वतः वाटलेली जमीन हा वेगळा विषय आहे, त्याचे कागद वेगळे. वर सांगितलेली अट लागते ती वनहक्क कायद्याखाली वनजमिनीवर केलेल्या दाव्याला. पण परिणाम डोळ्यांसमोर आणा. शेजारी-शेजारी दोन बांध, दोघंही १९८०पासून कसतायत, दोघांच्याही घरात तीन पिढ्या नांदतायत. एकाला पट्टा, दुसऱ्याला नाही. कारण इथे "तीन पिढ्या" म्हणजे आजोबा, बाप, नातू असा हिशोब नाही, सरळ ७५ वर्षं मोजायची.

आणखी एक गल्लत होते. ७५ वर्षांची अट रहिवासाची आहे, ताब्याची नाही. तिसऱ्या दाव्यातलं कुटुंब १०० वर्षं तिथे राहतंय, पण ती जमीन १९८८पासून कसतंय. चालतं. ताब्यासाठी फक्त २००५ची तारीख बघायची. रहिवास आणि ताबा हे दोन वेगळे रकाने आहेत. एक्सेलमध्ये ते एकत्र केले की असे दावे हकनाक बाद होतात.

पुरावे: ऑलही नको, एनीही नको

पात्रता ठरली. आता पुरावे. २००८च्या वनहक्क नियमांतल्या नियम १३मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे. जनगणना, गॅझेटियर, वनविभागाचे नकाशे यांसारखे सरकारी दस्तऐवज. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती. जमिनीवर दिसणाऱ्या खुणा, म्हणजे घर, झोपडी, बांध. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं. वंशावळ. आणि स्वतः दावेदार नसलेल्या गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन.

यातले किती हवेत? नियम म्हणतो, एकापेक्षा जास्त. म्हणजे किमान दोन.

ऑल लावलं तर यादीतला प्रत्येक पुरावा मागितल्यासारखं होईल, एकही माणूस पास होणार नाही. एनी लावलं तर एका कागदावर काम भागेल, तेही नियमात बसत नाही. मग काय करायचं? मोजायचं.

पायथॉनमध्ये यासाठी झकास सोय आहे. ट्रूची किंमत १ आणि फॉल्सची किंमत ० धरली जाते. त्यामुळे "हा पुरावा आहे का" याच्या उत्तरांची थेट बेरीज करता येते. बेरजेसाठी सम हा शब्द:

सम(पुरावे) >= २

पुराव्यांची लिस्ट [ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू, फॉल्स] असेल तर बेरीज २, म्हणजे अट पूर्ण. कोणते दोन, हे या ओळीत विचारलेलंच नाही. नियमही तेच सांगतो. २०१२मध्ये नियमांत सुधारणा झाली आणि त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीने अमुकच एक कागद हवा असा हट्ट धरायचा नाही. "सॅटेलाइटचा फोटो नाही म्हणून दावा बाद" असं कुणी म्हटलं, तर तो दोनपैकी कोणतेही चालतील या नियमाला "हाच एक हवा" करून टाकतोय.

"नाही" लिहिलं आणि पायथॉनने "हो" वाचलं

आता असे सापळे, ज्यात शिकलेली माणसंही अडकतात.

पहिला सापळा मराठीचाच. समजा फॉर्मवरची उत्तरं जशीच्या तशी लिस्टमध्ये टाकली: ["हो", "नाही", "नाही"]. यावर ऑल चालवा. उत्तर काय येईल? ट्रू!

का? कारण पायथॉनला मराठीतल्या "नाही"चा अर्थ कळत नाही, आणि इंग्रजीतल्या "नो"चाही कळत नाही. त्याच्या लेखी ज्या मजकुरात एक जरी अक्षर आहे तो ट्रू, आणि पूर्ण रिकामा मजकूर फॉल्स. "नाही" या शब्दात अक्षरं आहेत, म्हणून ट्रू. म्हणून ऑलला थेट उत्तरं द्यायची नाहीत, प्रश्न द्यायचा:

ऑल(उत्तर == "हो" फॉर उत्तर इन उत्तरे)

दुसरा सापळा तारखेचा. तारीख साध्या मजकुरासारखी लिहून तुलना केली तर पायथॉन डावीकडून एकेक अक्षर बघतो. "०५/०१/२०१०" आणि "१३/१२/२००५" यात पहिलं अक्षर ० आणि १. शून्य लहान, म्हणून २०१०ची तारीख २००५च्या आधीची ठरली! ५ जानेवारी २०१०चा ताबा चक्क पात्र. तारीख ही तारीख म्हणूनच साठवायची, पायथॉनमध्ये त्यासाठी डेटटाइम नावाची वेगळी सोय आहे.

तिसरा प्रकार सापळा नाही, सुखद धक्का आहे. कुणी वर्षं देवनागरी अंकांत "७५" अशी भरली असतील तर घाबरू नका. मजकुराचा आकडा करणारं इंट हे फंक्शन देवनागरी अंकही ओळखतं आणि बरोबर ७५ देतं. एक्सेलमध्ये मराठी आकडे आले म्हणून फॉर्म परत पाठवायची गरज नाही.

रिकाम्या लिस्टचा शंभर नंबरी रिझल्ट

सगळ्यात फसवा सापळा हा. लिस्ट पूर्ण रिकामी असेल आणि तिच्यावर ऑल चालवलं, तर उत्तर येतं ट्रू.

हा बग वाटेल, पण नाही. ऑल काम करतं ते अट मोडणारा शोधून. एक जरी सापडला की "नाही". कुणीच सापडला नाही तर "हो". रिकाम्या लिस्टमध्ये मोडणारा सापडणार कुठून? ज्या वर्गात एकही पोरगं बसलं नाही, त्या वर्गात "नापास कोणी नाही" हे खरंच असतं. उलट एनीला अट पाळणारा निदान एक लागतो, म्हणून रिकाम्या लिस्टवर एनीचं उत्तर फॉल्स.

याचा धोका कुठे? कल्पना करा, तालुकानिहाय अहवालात एक रकाना आहे, "आलेल्या सर्व दाव्यांवर निर्णय झाला का?" एखाद्या गावात फॉर्मच पोचले नाहीत, एकही दावा आला नाही. ऑल म्हणेल, हो, सगळ्यांवर निर्णय झाला. नकाशावर ते गाव हिरवं दिसेल. जिथे सगळ्यात जास्त काम बाकी आहे, तेच गाव कागदावर सगळ्यात पुढे.

उपाय साधा आहे. आधी विचारायचं, लिस्टमध्ये काही आहे का? मग विचारायचं, सगळे अटीत बसतात का? दोन्हींना "हो" आलं तरच हिरवा रंग. आणि असा अहवाल वाचताना आपणही "शंभर टक्के"च्या शेजारी "कितीपैकी" हा आकडा शोधायचा.

पहिल्या "नाही"वर थांबू नका

ऑलचा आणखी एक स्वभाव आहे. पहिला फॉल्स दिसला की तो तिथेच थांबतो, पुढचं बघत नाही. लाखो ओळींच्या लिस्टमध्ये त्याने वेळ वाचतो. पण माणसांच्या अर्जात हाच गुण त्रासाचा ठरतो.

समजा एका दाव्यात तीन त्रुटी आहेत. ऑलने पहिलीवर थांबून "अपूर्ण" सांगितलं. माणूस एक कागद जोडून परत आला, तर दुसरी त्रुटी निघाली. परत गेला, परत आला, तिसरी निघाली. जंगलातल्या गावातून तहसीलला एक चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून निकाल देण्यासाठी ऑल ठीक आहे, पण कारणं सांगण्यासाठी अट मोडणाऱ्या सगळ्या गोष्टींची वेगळी लिस्ट काढायची:

[नाव फॉर नाव, बरोबर इन तपासणी इफ नॉट बरोबर]

म्हणजे "तपासणीतल्या प्रत्येक मुद्द्यात जो बरोबर नाही, त्याचं नाव दे." एका ओळीत सगळ्या त्रुटी समोर.

वनहक्क नियमांतही दावा फेटाळला तर कारणांसह दावेदाराला कळवावं लागतं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं, दोन्ही ठिकाणी मुदत ६० दिवसांची. कारणच कळलं नाही, तर या ६० दिवसांत माणूस मांडणार काय?

ग्रामसभेचा कोरम: इथे मात्र ऑलच

शेवटचं उदाहरण असं, जिथे सगळ्या अटी खरोखरच एकत्र लागतात. दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला २०१२च्या सुधारित नियमांनुसार तीन गोष्टी हव्यात. एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. आणि दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर हवेत.

समजा ग्रामसभेत ३०० सदस्य आहेत आणि ४० दावेदार. सभेला १६० जण आले. निम्म्यापेक्षा जास्त, पहिली अट पूर्ण. दावेदार २५ आले, तिसरीही पूर्ण. महिला आल्या ४८. आता १६०चा एक तृतीयांश म्हणजे ५३ पूर्णांक काहीतरी, म्हणजे किमान ५४ महिला हव्या होत्या. दुसरी अट मोडली.

ऑल([ट्रू, फॉल्स, ट्रू]) म्हणजे फॉल्स. मंडप भरलेला दिसतोय, तीनपैकी दोन अटी पूर्ण आहेत, तरी कोरम नाही. इथे कुणी "तीनपैकी दोन झाल्या ना" म्हणून ठराव केला, तर पुढे त्याच ठरावावर बोट ठेवता येतं आणि त्यातले सगळे दावे अडकू शकतात. सहा महिला कमी आल्या, त्याची किंमत चाळीस घरांना.

मग निर्णय मशीनने घ्यायचा का?

नाही. वनहक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, पडताळणी गावाची वनहक्क समिती करते, पुढे उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समिती. दफनभूमी किती जुनी, बांध कुणाच्या आजोबांनी घातला, हे पायथॉनला कधीच कळणार नाही. त्याला कळतं ते रकान्यात भरलेलं. तो चाळणी आहे, आणि चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची हे माणूस ठरवतो.

म्हणून पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर एखाद्या योजनेच्या अटी आल्या, की प्रोग्रामर नसलात तरी त्या पायथॉनसारख्या वाचा. दोन अटींच्या मध्ये "आणि" आहे की "किंवा"? "किंवा" कुठल्या कंसातलं आहे? "पैकी" हा शब्द आहे का, असेल तर कितीपैकी किती? आणि "सर्व अर्ज निकाली" असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, मुळात अर्ज आले होते किती?